शेवटचं पाणी

खाडीकाठच्या एका गावात एक शेठ जुन्या बॅटऱ्या फोडायचा. आतली काळी भुकटी धुऊन त्यातले जड धातू काढायचा आणि उरलेलं पाणी खाडीत सोडायचा. त्या पाण्यात थोडं लिथियम असतं, हे त्याला ठाऊक होतं. पण ते पाण्याला फार धरून बसतं. तेवढ्यासाठी सगळं पाणी आटवायला सरपण कोण जाळणार?

हळूहळू खाडीतली कोळंबी मरू लागली. गावकरी येऊन म्हणाले, "अमावास्येपर्यंत हे पाणी थांबव, नाहीतर कारखान्याला कुलूप."

त्या कारखान्यावर चाळीस घरांच्या चुली पेटत होत्या.

तिथं झाडलोट करणारी एक म्हातारी होती. तिचा जन्म मिठागरात गेलेला. ती म्हणाली, "शेठ, सरपण कशाला? वर ऊन आहे की."

"आता आगरातली म्हातारी मला कारखाना शिकवणार!" शेठ हसला. पण दुसरा मार्ग नव्हता. त्यानं उथळ वाफे बांधले, तळाला जाड प्लास्टिक घातलं आणि पाणी उन्हात ठेवलं.

दहाव्या दिवशी वाफ्यात पांढरे खडे चमकले. शेठ ओरडला, "लिथियम मिळालं! उरलेलं पाणी सोडा रे खाडीत!"

म्हातारी बांधावर आडवी उभी राहिली. "थांबा, शेठ. हा आधी बसलेला मिठासारखा साधा खार. तुम्हीच म्हणता ना, तुमचं ते लिथियम पाण्याला सोडत नाही? मग ते शेवटच्या पाण्यातच असणार. आगरात आम्हीही ते पाणी जन्मभर फेकलं. इथं नको फेकायला."

शेठनं खडे बाजूला काढले, उरलेलं पाणी तापवलं आणि त्यात धुण्याचा सोडा टाकला. पाणी ताकासारखं पांढरं झालं. मग पिठासारखा मऊ साका तळाशी बसला. त्यातच लिथियम होतं! वरचं पाणी पुन्हा भुकटी धुवायला घेतलं. खाडीत थेंबही गेला नाही. कुलूप टळलं.

शेठनं म्हातारीपुढे हात जोडले.

"मला नको, त्यांना जोडा," ती जुन्या बॅटऱ्यांच्या ढिगाकडे बघत म्हणाली. "लोकांना उजेड देऊन दमल्या बिचाऱ्या. तरी जाताजाता एवढं देतायत."

तेव्हापासून त्या ढिगाला हात जोडल्याशिवाय तिथं कुणी हातोडी उचलत नाही.

पुढच्या वर्षी एक कोळीण दारात आली. तिनं पाटी शेठपुढे नाही, म्हातारीपुढे उतरवली. पाटीत कोळंबी उड्या मारत होती.

"आजी, पहिला वाटा तुझा."

तात्पर्य: ज्यानं पुष्कळ दिलं, त्याला रिकामं समजून टाकू नये. हात जोडावेत आणि थोडं थांबावं.