गुडघ्यापर्यंतची मालकीण

एका गावात हलत्या चित्रांचा एक कारखाना होता. ते गाव होते की तालुक्याचे ठिकाण, आणि कारखान्यात माणसे बारा होती की चौदा, हे आता छातीठोकपणे सांगवत नाही. आठवणीचे रंग उडतात. पण तिथे जे घडले त्याची चीड काही उडालेली नाही, म्हणून ही गोष्ट.

कारखान्यात पोपट आणि कुत्रा यांची चित्रे निघत. एकाच घरात पाळलेले दोघे. पोपट लबाड. तो शिंके पाडी, लोणच्याची बरणी फोडी, आणि उडून पिंजऱ्यात जाऊन डोळे मिटून बसे. आवाज ऐकून मालकीणबाई धावत येत. समोर कोण? कुत्रा. मग केरसुणी आणि कुत्र्याची पाठ. जत्रेतल्या तंबूत पोरे पोट धरधरून हसत.

या मालकीणबाईंना चेहरा नव्हता. प्रत्येक चित्रात त्या गुडघ्यापर्यंतच दिसत. हिरव्या लुगड्याचा काठ, दोन पाय, पायांत जोडवी; संपल्या मालकीणबाई. “कुत्र्याला खालून तेवढंच दिसतं,” असे नानासाहेब जगदाळे सांगत. नानासाहेब कारखान्याचे मालक.

ते पाय काढायचे काम ठोसर मास्तरांकडे होते. मास्तर पूर्वी शाळेत चित्रकला शिकवत. चार भाषांतली पुस्तके वाचलेला माणूस. पण स्वतःवर भरवसा नाही. रेघ काढायची, पुसायची, पुन्हा काढायची, आणि मग पहिलीच बरी होती म्हणून हळहळायचे. बरोबरीचे लोक त्यांना “पायवाले मास्तर” म्हणत.

सगळे चित्रकार जमिनीवर, बैठ्या मेजाशी बसत. मेजाला काच आणि काचेखाली दिवा. मान दिवसभर खाली. त्यामुळे नानासाहेब आले की त्यांना आधी दिसत ते नानासाहेबांचे पंपशू. पंपशू सावकाश वाजले तर मर्जी बरी. भरभर वाजले तर कुणाची तरी धडगत नाही. मान वर करून मालकाच्या तोंडाकडे पाहायची तिथे रीतच नव्हती.

रंग भरायला अंबूताई हळदणकर होत्या. पोपटाचा तो पोपटी रंग त्यांच्याशिवाय कुणाला साधत नसे. सेल्युलॉइडच्या पारदर्शक तावांवर मागच्या बाजूने रंग भरायचा, ताव वाळवायचे, मग गठ्ठा लावायचा. नवरा वारल्यावर याच कामावर त्यांनी दोन मुली वाढवल्या होत्या.

एके दुपारी नानासाहेबांचा मेहुणा संपत हातात चहाची किटली घेऊन आला. काम काही नसे त्याला. चहा आणि गप्पा. त्याने ती चुलीवरून उतरवलेली किटली बेधडक तावांच्या गठ्ठ्यावर ठेवली. ताव वितळून वाकू लागले. वास आला तसा संपत दचकला, किटली ओढायला गेला, ती कलंडली आणि खण्‌कन खाली पडली. संपत मागच्या दाराने पसार. अंबूताई फडके घेऊन धावल्या आणि चहा टिपू लागल्या.

पंपशू भरभर वाजत आले.

“दहा दिवसांचं काम!” नानासाहेब गरजले. “अंबूताई, उद्यापासून येऊ नका.”

“अहो नानासाहेब, ऐकून तरी घ्या...”

“फडकं तुमच्या हातात, चहा तुमच्यापुढं. आणखी काय ऐकू?”

ठोसर मास्तर चार हातांवर बसले होते. त्यांनी सगळे पाहिले होते. त्यांनी तोंड उघडले आणि मिटले. किटली संपतनेच ठेवली ना? की त्याच्या आधीच तिथे होती? चष्मा आपल्या डोळ्यांवर होता की कपाळावर? उगाच एखाद्यावर आळ आला तर? इतका विचार होईतो पंपशू निघून गेले होते, आणि अंबूताई आपले कुंचले पदराला पुसून पिशवीत भरत होत्या.

शेजारचा केशव हलकेच म्हणाला, “मास्तर, तुम्ही तर समोरच होता. का तुमची नजरही गुडघ्यापर्यंतच पोचते?”

मास्तरांना तीन दिवस अन्न गोड लागले नाही. चौथ्या दिवशी मेजावर नवे चित्र आले: पोपटाने दुधाचे पातेले पाडले, मालकीणबाई आल्या, कुत्र्याला केरसुणी. मास्तरांनी पाय काढले. मग त्यांचा हात थांबला. अकरा वर्षे आपण हे पाय काढतो आहोत, आणि हे पाय अकरा वर्षे चुकीच्याच जनावरापाशी येऊन थांबतात! संतापाने त्यांची कानशिले तापली. त्यांनी नवा कागद घेतला आणि मालकीणबाईंना गुडघ्यात वाकवले. जमिनीला हात टेकून त्या पाटाखाली डोकावताहेत, आणि तिथे पोपटाची दुधाने भिजलेली पावले उमटली आहेत. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा दिसत होता. रेघ एकदाही पुसावी लागली नाही.

कागद घेऊन मास्तर नानासाहेबांच्या खोलीत गेले.

नानासाहेबांनी चित्र पाहिले. “हे काय? मालकीण कधी वाकते का?”

“वाकली तर तिला खरं दिसेल.”

“खरं दिसलं तर हसणार कोण? ती चुकते म्हणून तर लोक पैसे देतात, मास्तर. कुत्रा चित्रातला आहे. त्याला काही लागत नाही.”

“अंबूताई चित्रातल्या नाहीत,” मास्तर म्हणाले.

त्यांनी कागद मेजावर ठेवला. मग ते बोलले, “किटली संपतरावांनी ठेवली होती. मी पाहिलं.”

नानासाहेब रागावले नाहीत. खुर्चीत मागे रेलून त्यांनी शांतपणे विचारले, “आज आठवलं? चार दिवसांनी? मास्तर, तुम्हाला स्वतःची रेघ ओळखता येत नाही. देवाशपथ सांगा, अगदी खात्री आहे तुमची?”

मास्तरांचे डोळे चित्रावर गेले, मग पंपशूंवर. खात्री होती. पण ‘अगदी’? आयुष्यात कशाची अगदी खात्री त्यांना वाटली होती? प्रामाणिक माणसाने जेवढे ठाऊक तेवढेच बोलावे, असे त्यांना वाटले. ते म्हणाले,

“बहुधा.”

“बहुधा!” नानासाहेब हसले. “तुमच्या बहुधावर मी घरच्या माणसाला दोषी ठरवू? जा, पाय काढा.”

पाहा हा न्याय! अंबूताईंना काढताना पुरावा लागला नाही, साक्ष लागली नाही, शपथ लागली नाही. हातातले फडके पुरले. संपतचे नाव निघताच मात्र देवाची शपथ आडवी आली.

संध्याकाळी मास्तर अंबूताईंच्या घरी गेले. दारातच उभे राहून म्हणाले, “ताई, मी आज सांगितलं त्यांना. संपतनंच केलं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.”

“असंच म्हणालात त्यांना?”

मास्तरांनी मान खाली घातली आणि काय झाले ते सांगितले.

अंबूताईंनी आवाज चढवला नाही. “मास्तर, माझ्या दारात तुमच्या तोंडून बहुधा आलं नाही. तो शब्द तुम्ही तिथं जपून नेलात, होय?” त्या आत गेल्या. धाकटी मुलगी दारातून टकमक पाहत राहिली.

अंबूताईंना परत बोलावणे आले नाही. पुढे त्या एका शिंप्याकडे काजे-बटणे करू लागल्या. पोपटी रंग दुसऱ्याने भरला. तो कधी पिवळा येई, कधी हिरवा. लोक तरीही हसले. मास्तरांनी महिनाअखेर कारखाना सोडला. पण काम सोडून अन्याय थोडाच फिटतो?

सतरा वर्षांनी एका लग्नाच्या पंगतीत संपत मास्तरांच्या शेजारी बसला. केस पिकले होते, नानासाहेब वारले होते. जिलेबी वाढून झाली तसा मास्तरांनी सरळ प्रश्न केला. संपत जराही चपापला नाही.

“मीच ठेवली होती किटली. दाजींना त्याच दिवशी दिवे लागायच्या आत सांगितलं. अंबूताईंना बोलवा असंही म्हणालो. दाजी म्हणाले, ‘मालकानं एकदा शब्द फिरवला की उद्या सगळे डोक्यावर बसतील. राहू दे.’”

म्हणजे चौथ्या दिवशी खुर्चीत मागे रेलून “खात्री आहे?” असे विचारणाऱ्या माणसालाच, खोलीतल्या दोघांपैकी, अगदी खात्री होती.

तात्पर्य: मालकाला खरे ठाऊक नसते म्हणूनच अन्याय होतो, असे समजू नये; पुष्कळदा ते त्याला ठाऊक असते आणि तो फक्त साक्षीदार डगमगायची वाट पाहतो. म्हणून डोळ्यांनी पाहिलेले त्याच दिवशी आणि ठाम सांगावे.