सुदामनं डिझेल वाचवलं

घाटमाथ्यावरच्या कोंडवली गावात सुदाम नावाचा एक भोळा ड्रायव्हर राहत होता. भोळा म्हणजे किती? तर सांगितलेलं एक अक्षर इकडचं तिकडं करायचा नाही, इतका. जीप त्याच्या केशवमामाची, पण जीव सुदामचा. रोज सकाळी आधी जीपला अंघोळ, मग स्वतःला.

एक दिवस सुदाम टपरीत निवांत भजी खात बसला होता आणि बाहेर उभ्या जीपचं इंजिन धडधडत होतं. नेमका तेव्हाच मामा आला.

"आरं, डिझेल काय विहिरीतनं शेंदून आणतोस व्हय? येत्या गुरुवारी माझ्या शालनचं लगीन हाय. तवर डिझेल वाचवून दाव, न्हाईतर मी दुसरा ड्रायव्हर बघतो."

सुदामनं हातातलं भजं खाली ठेवलं. आपल्या जीपवर दुसरा कुणी बसणार, या विचारानंच त्याला रडू यायला लागलं.

"मग काय करू, मामा?"

"गाडी थांबली की इंजिन बंद करायचं."

"बरं," सुदाम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना घाटाच्या ऐन चढावर म्हशी आडव्या आल्या. गाडी थांबली. सुदामनं इंजिन बंद केलं. बंद गाडीला ब्रेक कशाला, म्हणून ब्रेकवरचा पायही काढला. जीप आल्या वाटेनं मागं निघाली आणि वळणावरच्या कडब्याच्या गंजीत जाऊन बसली. एवढ्या प्रवासाला डिझेल थेंबभरही लागलं नाही. जीप बाहेर ओढायला मात्र दोन बैल लागले.

मामा म्हणाला, "आरं, चढावर इंजिन बंद करत्यात व्हय? चढ आला की ओझं कमी करायचं. गाडी हलकी झाली की डिझेल कमी खाती."

"बरं," सुदाम म्हणाला.

मंगळवारी तो लग्नाचा किराणा घेऊन निघाला. साखरेची पोती, तांदळाची पोती, तेलाचे डबे आणि त्यांच्यावर बसलेला आचारी. चढ आला. सुदामनं पोती उतरवली, डबे उतरवले आणि आचाऱ्यालाही उतरवलं, कारण तो कुठल्याही पोत्यापेक्षा जड होता. मग जीप कशी तुरुतुरु चढली! सुदाम हसतमुखानं मामाच्या दारात येऊन उभा राहिला.

"किराणा कुठाय?"

"चढाच्या पायथ्याला. आचारीबी तितंच हाय."

मामानं कपाळावर हात मारून घेतला. "पोती काय चालत वर येत्यात? माणसं उतरवायची. मग वर मारुतीच्या देवळापाशी थांबायचं, जेवढी उतरवली तेवढी मोजून घ्यायची आन् मगच निघायचं. एकबी कमी पडता कामा नये."

"बरं," सुदाम म्हणाला. या वेळी त्यानं ते रात्रभर घोकलं.

गुरुवारी बारा पंचविसाचा मुहूर्त होता. नवरदेव आणायचं काम सुदामकडं होतं. वऱ्हाडाचा ट्रक मागून येणार होता. जीपमध्ये तिघंच: नवरदेव, त्याची करवली आणि त्याचा म्हातारा चुलता. चढ आला. सुदामनं जीप थांबवली.

"उतरा."

"नवरदेवाला पायी चालवतोस?" चुलता म्हणाला.

"मामांनी सांगितलंय."

मुलीच्या बापाचंच सांगणं म्हटल्यावर तिघं निमूट उतरली. सुदाम वर गेला, देवळापाशी थांबला, इंजिन बंद केलं, ब्रेकही ओढला. आत्ता मामा हे बघायला हवा होता, असं त्याला फार वाटलं.

आता लग्नसराईचे दिवस. त्या भागात रिवाज असा, की कुठलाही नवरदेव घाट चढला की मारुतीला नारळ फोडल्याशिवाय पुढं जात नाही. थोड्या वेळानं देवळातून तिघं बाहेर आली. एक नवरदेव, एक करवली, एक म्हातारा. नवरदेवाला बाशिंग, मुंडावळ्या, वर फुलांची जाळी. तोंड दिसायला जागाच नव्हती.

"मुलीकडची गाडी का?" म्हाताऱ्यानं विचारलं. त्यांना न्यायला येणाऱ्या गाडीची ते कधीपासून वाट बघत होते.

"व्हय," सुदाम म्हणाला आणि त्यानं मोजलं. तीन. बजावलेलं होतं म्हणून पुन्हा मोजलं. तीनच भरली.

मांडवाच्या दारात बँड वाजत होता. मामी पंचारती घेऊन पुढं झाली. तिनं ओवाळायला फुलांची जाळी बाजूला केली आणि ती दोन पावलं मागं सरली.

"अहो, हे कोण?"

बँड थांबला. नवरदेवानं आपलं नाव सांगितलं. ते पत्रिकेतलं नव्हतं. मुहूर्ताला दहा मिनिटं उरली होती. मामा सुदामकडं धावला.

"सुदाम, आपला नवरदेव कुठाय?"

"मामा, एक नवरदेव उतरवला, एक घेतला. एक करवली उतरवली, एक घेतली. म्हातारंबी तसंच. एकबी कमी न्हाई."

"आरं, पर आपला?"

सुदामनं मामाला जरा बाजूला घेतलं. पाहुण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणला.

"त्यो लई जड व्हता, मामा. ह्यो निम्म्यानं हलका हाय. शालनला ह्योच दिऊन टाका, जन्मभर डिझेल वाचंल."