कावळ्याची संध्याकाळची फेरी

एका नदीकाठी खूप पूर्वी एक कावळा होता. रोज संध्याकाळी तो खारींना आणि साळुंक्यांना वडावरची वटवाघळं दाखवायला नेई. "बघा, उलटी लटकलीत. ठार आंधळी आहेत बिचारी," तो सांगे. वटवाघळं वरून सगळं ऐकत.

एकदा कावळ्याची माहिती इतकी लांबली, की अंधार पडला. घरी निघालेला कावळा फांदीवर आपटला आणि सुगरणीच्या खोप्यात अडकला. पाहुणे रडकुंडीला आले.

"कावळेभाऊ, माझ्या आवाजामागून या. डावीकडे फांदी आहे, वाका," म्हणत एका म्हाताऱ्या वटवाघळानं सगळ्यांना घरी पोचवलं.

दुसऱ्या दिवशी नवे पाहुणे आले. कावळा म्हणाला, "ठार आंधळी हो. काल मीच त्यांना हाताला धरून फिरवलं."

वरून ते म्हातारं वटवाघूळ म्हणालं, "सावकाश सांगा, कावळेभाऊ. अंधार पडेपर्यंत सांगा."