शेवंताकाकूंचा डबा

बाहेरच्या माणसाने ताम्रनगरीत तीन दिवस राहावं आणि चौथ्या दिवशी वेशीबाहेर व्हावं, असा राजा चंडकेतूचा हुकूम होता. जास्त राहायचं तर वर्षाचा परवाना काढावा लागे, आणि तो आजवर एकालाही मिळाला नव्हता. राजाला याचा भारी अभिमान! वडाळीच्या सुताराची मुलगी धुरपा दरबारात उभी राहिली तेव्हा तिचा तिसरा दिवस होता आणि दुपार कलली होती.

तिला मांडे शिकायचे होते. तेही ताम्रनगरीच्या अंबूआजी करतात तसे, हातावर कोपरापर्यंत पसरून, उलट्या खापरावर भाजून, रुमालासारखी घडी घातलेले. एका लग्नात तिने असा एक मांडा खाल्ला होता आणि तेव्हापासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. अंबूआजी म्हणाल्या होत्या, "शिकवते की. पण वर्ष लागेल बाई. आणि माझे हात आता थरथरायला लागलेत. शिकायचं तर यंदाच शीक."

नाकेदार गुंडोपंतांनी उशीएवढी जाड वही उघडली.

"इथे काम करणार?"

"नाही."

"म्हणजे आमच्या प्रजेच्या जिवावर फुकट खाणार. परवाना नाही."

"बरं, करते काम."

"म्हणजे आमच्या प्रजेचं काम हिसकावणार. परवाना नाही."

राजा सिंहासनावर खुशीत डुलला. हा पेच त्याने स्वतः घातला होता आणि तो दर वेळी नव्याने त्याला आवडायचा.

धुरपा म्हणाली, "काम करीन, पण इथलं नाही. आमच्या पंचक्रोशीतल्या नव्या सुनांना उखाणे मीच रचून देते. नवऱ्याचं नाव आणि त्याची एखादी खोड कळवायची. बाजाराच्या गाडीवाल्याबरोबर निरोप येतो, त्याच्याचबरोबर उखाणा जातो, आणि पुढच्या खेपेला माझी ज्वारी येते. मी इथे बसेन, काम तिथलं होईल, आणि जेवीन माझ्या घरची भाकरी."

गुंडोपंतांनी वही उलटीसुलटी केली. "काम करणारी इथे आणि काम तिथे, असा रकानाच नाही हो!"

राजा पुढे वाकला. "थापा नकोत. आत्ताच्या आत्ता आमच्या राणीसाहेबांसाठी एक उखाणा रच, म्हणजे खरं मानू."

राणी सरसावून बसली. गेली बावीस वर्षं ती एकच उखाणा घेत होती आणि त्याला आता ती स्वतःच कंटाळली होती.

धुरपाने हात जोडले. "नाही रचणार, महाराज. इथल्या माणसासाठी रचला, तर इथल्या कुणाचं तरी काम गेलं. मग नाकेदार मला लगेच बाहेर काढतील."

राणी हिरमुसली. राजाचा चेहरा पडला, कारण त्याचा डाव हाच होता.

"राहू दे," तो म्हणाला. "तिसरी अट. तू परत जाशील याला जामीन कोण? इथला माणूस चालणार नाही, तो तुला ओळखत नाही. तुझ्या गावचा चालणार नाही, त्याला आम्ही ओळखत नाही."

दरबारी गालात हसले. इथवर आलेला प्रत्येक जण इथेच गार झाला होता.

धुरपाने गाठोडं सोडलं आणि पोचे आलेला एक पितळी डबा राजापुढे ठेवला.

"हा जामीन."

"हा रिकामा डबा?"

"रिकामा आहे, म्हणूनच. हा आमच्या शेजारच्या शेवंताकाकूंचा. वाटेत खायला धपाटे दिले होते. धपाटे संपले, डबा राहिला. शेजारणीचं भांडं कुणी ठेवून घेतं का, महाराज? आणि रिकामं परत देतं का? मांडे शिकले, की हा भरायचा आणि तडक घर गाठायचं. नाहीतर काकू माझ्या आईला पाणवठ्यावर उभी राहू देणार नाहीत."

राणीने मान डोलावली. दासींनीही डोलावली. राजाने ते पाहिलं आणि तो घाईघाईने ओरडला, "डबा भरायचाच आहे ना? मुदपाकखान्यातून लाडू आणा! घे, भर, आणि दिवस मावळायच्या आत वेशीबाहेर हो!"

चांदीच्या नक्षीदार डब्यातून लाडू आले. धुरपाने डबा दोन्ही हातांनी घेतला आणि तिथेच एक लाडू खाल्ला. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं, आणि लाडू खरंच छान होता.

"गोड झालाय," ती म्हणाली. "पण परक्याच्या हातचं भरून देत नाहीत, आपल्या हातचं द्यावं लागतं. तेव्हा काकूंचा डबा अजून रिकामाच. आणि आता तुमचाही डबा माझ्याकडे आला, महाराज. सकाळी एका डब्यापुरते मांडे शिकायचे होते, आता दोन डब्यांपुरते शिकावे लागणार."

 राणी मनापासून हसत सुटली. "तिचं बरोबर आहे. भांडं आपणच दिलंत."

गुंडोपंतांनी लेखणी बुडवली. "मग मुदत काय घालू? वर्षभर?"

"वर्षाने काकूंचा डबा पोचता होईल," धुरपा म्हणाली. "मग महाराजांचा डबा भरून इथे आणीन. राणीसाहेब तो मला रिकामा परत देतील?"

"छे छे!" राणी म्हणाली. "इतकी का मी कृपण आहे?"

"मग तो भरलेला डबा घेऊन मी घरी जाणार, आणि पुन्हा भरून इथे येणार. तेव्हा नाकेदार, असं लिहा, राणीसाहेब आणि मी, दोघींतली एक जण डबा रिकामा परत करीपर्यंत."

आता राजालाही राहवेना. तो इतका हसला, की पगडी घरंगळून पुढ्यातल्या पितळी डब्यावर पडली. "लिहा, गुंडोपंत, ती म्हणते तसंच लिहा! आणि अंबूआजींच्या शेजारची खोली हिला आमच्याकडून द्या."

गुंडोपंतांनी वहीत नवा रकाना आखला, त्याला 'डबा' असं नाव दिलं, आणि ताम्रनगरीच्या पहिल्या परवान्यावर शिक्का मारला.