टाळूवरची लाली

एका डोंगरगावात गुरांचा एक पारखी होता. त्याचं नाव लहानूबा. ओढ्यापलीकडच्या उतारावर गुरं चरताना दिसली, तरी नुसत्या रंगावरून तो त्यांची जात सांगे. अंगभर गडद तांबडी, ती लाल कंधारी. पांढऱ्या अंगावर काळे चट्टे आणि तेल लावल्यासारखी तुकतुकीत कातडी, ती त्यांच्याच मुलखातली, पावसाला न भिणारी डांगी. पंचक्रोशीत त्याचा शब्द शेवटचा असे.

त्याची सून सगुणा दूरच्या उघड्या माळरानावरून आली होती. बापाने तिला गाभण खिल्लार गाय आंदण दिली. गाय शंखासारखी पांढरी, शिंगं लांबलचक, मागे वळलेली. लहानूबाने सुनेला "ये" म्हणायच्या आधी गाईच्या पाठीवरून हात फिरवला.

पावसाळ्याच्या तोंडी गाय व्याली. वासरू बघायला सगळी आळी लोटली. वासरू पांढरंच होतं, पण त्याची टाळू विटेसारखी लाल!

लहानूबाचा चेहरा उतरला. सगळ्यांदेखत तो म्हणाला, "खिल्लाराच्या अंगावर लाल केस? हे अस्सल नव्हे. व्याह्यांनी आपल्याला फसवलं."

सगुणेच्या डोळ्यांत पाणी आलं. "मामंजी, आमच्याकडं वासरं अशीच जन्मतात. लाली आपोआप जाते. जरा वाट बघा."

"जन्माचा रंग कुठं जातो का, पोरी?" असं म्हणून त्याने व्याह्यांना निरोप धाडला, 'दसऱ्याला या आणि आपली गाय घेऊन जा.'

श्रावण सरता सरता लहानूबाला टाळू फिकट वाटू लागली. सून राख चोळत असणार, असं त्याच्या मनात आलं. एका सकाळी ती पाण्याला गेली, तसा तो तांब्या आणि नारळाची शेंडी घेऊन गोठ्यात शिरला. त्याने टाळू खसाखसा घासली. राख निघाली नाही, चुना निघाला नाही. मग त्याने बोटांनी केस बाजूला केले आणि त्याचा हात तिथंच थांबला.

प्रत्येक केस टोकाला लाल होता आणि मुळाशी दुधासारखा पांढरा.

बाजारात त्याने मोठे खिल्लार बैल शेकड्यांनी पाहिले होते. खिल्लाराचं नुकतं जन्मलेलं वासरू मात्र कधीच पाहिलं नव्हतं. कुणी रंगवायला नाही, कुणी धुवायला नाही, आणि आतून एकेक केस उजळत चाललेला! वासरू त्याचा अंगठा चोखत होतं. म्हाताऱ्याच्या अंगावर काटा आला. त्यानंतर तो रोज उजाडताच गोठ्यात जाई आणि देवळात उभं राहावं तसा वासरापुढे उभा राही. घरात मात्र चकार शब्द काढत नसे.

दसऱ्याला व्याही आले. कुंपणापाशीच थांबले, पाणीसुद्धा घेईनात. लोक जमले. मान खाली घालून ते म्हणाले, "पाव्हणं, गाय न्यायला आलोय. पण माझ्या पोरीला बोल लावू नका."

लहानूबाचं 'राहू द्या आता गाय' एवढं म्हणून भागलं असतं. गोठ्यात काय घडलं ते गावात कुणाला ठाऊक होतं? पण त्याने वासरू सोडलं आणि सगळ्यांपुढे आणून उभं केलं. डोक्यापासून खुरापर्यंत ते पांढरंशुभ्र होतं.

"बघा रे सगळे," तो म्हणाला, "गाय अस्सल, व्याही अस्सल. चुकलो तो मी. सूनबाई, तू सांगत होतीस, मी ऐकलं नाही."

मग त्याने पागोटं काढून व्याह्यांपुढे हात जोडले. व्याह्यांनी ते हात धरले आणि वासराच्या मानेवर नेऊन ठेवले.

"एवढ्यावर थांबत नाही ते," व्याही हळूच म्हणाले. "हा खोंड वयात आला, की इथली मान आणि वशिंड ढगासारखं काळसर होईल."

"काय सांगता!"

सगुणा गूळपाणी घेऊन आली, तर दोघे म्हातारे वासराशेजारी मातीतच बसले होते, आणि तिचा सासरा लहान पोरासारखा विचारत होता, "आणि मग? मग काय होतं?"

तात्पर्य: ज्याला आपण पुरतं ओळखलं असं वाटतं, त्याच्याकडेही उद्या पुन्हा नव्याने बघावं, कारण वाढत्या जिवाचा रंग पहिल्या नजरेत पुरा दिसत नाही.