आसरांचं बिऱ्हाड

मालगुजार यादोरावांनी नाला अडवून पाणी आपल्या शेताकडे वळवलं आणि गावचं तळं सडलं. मासे मेले. तिन्हीसांजेला पाण्यावर निळे दिवे पेटू लागले.

तळ्यात मासे धरणाऱ्या ढिवरांनी बांध फोडा म्हटलं, तेव्हा यादोराव चावडीवर म्हणाले, "तळ्यातल्या साती आसरांनीच स्वप्नात येऊन तो घालायला लावला."

कौतिका ढिवरीण उठली. "खरं आहे, मालक. काल त्या माझ्याही स्वप्नात आल्या. म्हणाल्या, या घाणीत आता राहवत नाही, अमावास्येला मालकांच्या विहिरीत राहायला जातो. तुमची नातवंडं किती, तेही विचारत होत्या."

पाण्यातल्या आसरा लहान पोरांना ओढून नेतात, हे यादोरावांनाही ठाऊक होतं. संध्याकाळच्या आत त्यांनी स्वतः उभं राहून बांध फोडून घेतला. पाणी वाहतं झालं, हळूहळू निवळलं.

स्वप्न कौतिकानं रचलं होतं. बांध फोडल्याच्या दुसऱ्या सकाळी यादोरावांच्या विहिरीपासून तळ्यापर्यंत उमटलेली सात जणींची ओली पावलं मात्र तिनं रचलेली नव्हती.