ठकूचा विस्तव

फार वर्षांपूर्वी, काडेपेटी अजून डोंगर चढून वर आली नव्हती तेव्हाची ही गोष्ट. वाकेघोळात पाऊस असा की चुली विझायच्या आणि चकमक झाडून झाडून माणसं रडकुंडीला यायची. पण ठकूबाईची चूल कधी विझली नाही, असं म्हणतात. विधवा बाई, ओढ्याच्या अलीकडे एकटीच राहायची. रात्री निखाऱ्यांवर राख ओढायची आणि सकाळी दारात खापर घेऊन जो येईल त्याला विस्तव द्यायची.

शेजारी, जरा उंचावर, एकच घर होतं, हैबतीचं. तो रोज विस्तव न्यायचा. पण ठकूला त्यानं कधी ताकाचा घोटसुद्धा दिला नाही. दिवेलागणीनंतर घरातला विस्तव दिला तर लक्ष्मी जाते, असं तेव्हा मानत. पण हैबती तिन्हीसांजेला आला तरी ठकू त्याला नाही म्हणत नसे.

एका आषाढात तिची लेक राही बाळंतपणाला आली आणि सातव्याच महिन्यात बाळंत झाली. मुलगी झाली, मूठभर. त्याच संध्याकाळी ओढा फुगून घरात शिरला आणि ठकूची चूल बुडाली. पलीकडे गावात जायची वाट बंद झाली. ठकू आयुष्यात पहिल्यांदा खापर घेऊन हैबतीच्या दारात उभी राहिली.

"हैबती, लेकरू गार पडतंय रं. इस्तू दे."

"दिवं लागलं, ठकूमावशी. आता इस्तू भायेर जात न्हाई."

"मग लेकराला तरी चुलीपाशी घे."

"सोयर हाय तुमाला. सकाळी या."

सकाळपर्यंत मुलगी राहिली नाही. ज्या बाईनं साऱ्या गावाच्या चुली पेटवल्या, तिची नात थंडीनं गेली.

पुढच्या वर्षी पाऊस तसाच लागला. हैबतीच्या घराला गळती लागून चूल विझली आणि त्याच दिवशी त्याची सून बाळंत झाली. हैबतीला तोंड दाखवायची लाज वाटली. तो आलाच नाही. पण कुडाच्या भिंतीतून बाळाचं कण्हणं ऐकू येत होतं. ठकूनं खापर उचललं, तशी माहेरी आलेली राही आडवी आली.

"आई, त्याला न्हाई द्यायचा!"

"त्याला कोन देतंय? त्या लेकरानं माझं काय वाकडं केलंय?"

वाटेत पाय घसरून खापर फुटलं. तेव्हा ठकूनं निखारे ओंजळीत घेतले आणि धो धो पावसातून नेले. हात भाजले नाहीत आणि निखारेही विझले नाहीत, असं म्हणतात. खरं-खोटं त्या ओढ्याला ठाऊक.

हैबती पायांवर कोसळला. "मावशी, माफ करा. आत या."

"माफ न्हाई केलं, हैबती. इसरलेबी न्हाई. माझ्यापाशी हाय म्हनून दिला, उद्याबी दीन. पन तुझ्या दारात मागाया म्या परत यायची न्हाई."

त्या दिवसापासून तिनं माळ्यावर दुसरं खापर ठेवलं, राखेखाली धुमसतं. चूल पुन्हा बुडालीच तर कुणाच्या दारात उभं राहायला नको. हैबतीला रोज विस्तव मिळत राहिला, पण ठकू त्याच्या घरचं पाणीही प्यायली नाही. ती गेली त्यानंतर महिनाभर तिची चूल आपोआप धगधगत होती, असं म्हणतात.

आता वाकेघोळात गॅस आला आहे. तरी आषाढाच्या शेवटच्या दिवशी, मुद्दाम दिवे लागल्यावर, लोक ज्या घराशी बोलचाल नाही त्या घराच्या उंबऱ्याबाहेर निखारा ठेवतात. आत जात नाहीत, आभारासाठी थांबत नाहीत. हैबतीच्या वंशातली माणसं मात्र आपला निखारा ठकूच्या पडक्या जोत्यावर नेतात, जिथं ठकूची नात त्या रात्री निजवली होती तिथं. पाऊस तो विझवतो. पुढच्या वर्षी ते पुन्हा आणतात.

आणि त्या गावात दारी आलेल्या माणसाला "सकाळी ये" असं अजूनही कुणी म्हणत नाही.